गाइडातले महाबळेश्वर आणि धाब्यावरची कुरडई

महोदय,

शाळा उघडून आठवडा होतो न होतो तोच चौथीच्या इंग्रजीच्या तासाला ‘माय समर व्हेकेशन’ हा निबंध हजर होतो. मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी तपासायला घेतलेल्या 22 वह्यांपैकी 15 मुले महाबळेश्वरला जाऊन आली होती! सगळ्यांनी तिथे मे महिन्यात स्ट्रॉबेरी खाल्ली (तोवर हंगाम आवरत आलेला असतो, पण गाइडला त्याचे काय), सगळे घोड्यावर बसले आणि सगळ्यांच्या वडिलांनी स्वतःची मोटार चालवली. एकाला विचारले, “काय रे, खरंच गेला होतास?” तर म्हणाला, “न्हाय बाई, मी कुरडया राखत हुतो.” धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, वाळत घातलेल्या.

दुसऱ्या दिवशी वह्या बाजूला ठेवल्या आणि सुट्टीत काय काय केले ते आधी मराठीत सांगा म्हटले. मुले बोलत होती आणि मी त्यातली फक्त क्रियापदे फळ्यावर इंग्रजीत मांडत होते: वेंट, सॉ, एट, प्लेड, केम, स्लेप्ट. कुरडई, मामी, जत्रा हे शब्द तसेच राहू द्या, असेही सांगितले. नाहीतरी मामी, मावशी, आत्या, काकू या चौघींना इंग्रजीत एकच ‘आंट’. मग प्रत्येकाने पाच वाक्ये लिहायची. कुरडईवाल्याने आणखी तीन शब्द मागून घेतले आणि लिहिले: ‘आजी मेड कुरडई. आय सॅट ऑन धाबे. क्रो केम. आय शाउटेड. क्रो एट वन.’ त्यात ‘अ’ नाही की ‘द’ नाही. पण महाबळेश्वरच्या पंधरा वह्यांत एक कावळा नव्हता.

खरे तर भूतकाळाची सुरुवात आपल्या मुलांना सोपी जाते. गेलो, गेले, गेली, गेलास, गेलात या सगळ्यांना मिळून एकच ‘वेंट’, हे कळले की वर्ग खूश होतो. अडते ते नकारापाशी. मराठीत ‘गेलो नाही’ म्हणताना ‘गेलो’ भूतकाळातच राहते, म्हणून मूल ‘डिड नॉट वेंट’ लिहिते. पहिला महिनाभर मी नकार घेतच नाही. कुणी ‘गो’ला ‘ईडी’ लावून ‘गोड’ केले तर मला बरेच वाटते, कारण त्याला नियम कळलेला असतो. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, ते सावकाश येतील. लाल पेन एका वेळी एकाच चुकीवर चालवावे, यंदा क्रियापदावर, असे मी स्वतःला बजावले आहे. ते पाळणे जड जाते, हेही कबूल.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी चौथीतले मूल स्वतःच्या सुट्टीबद्दल एक वाक्य लिहायला बिचकते, कारण बिनचूक दहा ओळींना पैकीच्या पैकी गुण आणि मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या पाच ओळींना निम्मेच. पालकही येऊन सांगतात, “बाई, धा वळी पाठ करून घ्या की.” त्यांचा काय दोष? गुणपत्रिकेत कावळा दिसत नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या शालेय पानावरही दर जूनमध्ये या विषयाचा नमुना निबंध येतो. त्यातले कुटुंब थंड हवेच्या ठिकाणीच जाते. यंदा त्या जागी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या मुलांनी स्वतः लिहिलेली वाक्ये, चुकांसकट, छापता येतील का? एका मुलाच्या पाच ओळींना जागा ती किती लागणार?

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. माण, जि. सातारा