सात बारांचं गाणं

माननीय संपादक,
स. न.

गणपती-नवरात्र जवळ आले की नाशकात जुन्या पॉप गाण्यांचे कार्यक्रम वाढतात. मग कालिदास कलामंदिर असो की सोसायटीचा मांडव, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं: 'मूळ गाण्याची सर आली नाही.' का आली नाही, ते कुणी लिहीत नाही.

बीटल्स या इंग्लिश बँडचं 'येस्टरडे' घ्या. जून 1965 मध्ये ते रेकॉर्ड झालं तेव्हा पॉल मॅकार्टनीचा आवाज, एक गिटार आणि चार तंतुवाद्यं एवढाच ऐवज होता. ड्रम नाहीत. त्याच वर्षी मॅट मन्रोने ते मोठ्या वाद्यवृंदावर गायलं, 1967 मध्ये रे चार्ल्सने लय पार खाली आणून सोल ढंगात, 1994 मध्ये बॉईझ टू मेनने नुसत्या आवाजांवर. वाद्यं बदलली, लय बदलली, गळे तर बदललेच. तेव्हा आपल्याकडे कुणी हार्मोनियम घेतली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बिघडतं ते वेगळीकडेच.

पहिली गफलत मोजणीत. या गाण्याचं कडवं आठ नव्हे, सात बारांचं आहे (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट), म्हणजे 28 मात्रा. ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) आठ मात्रांच्या केरवा तालाच्या सवयीने आठवा बार धरून रोल मारतो, तोवर गायकाची पुढची ओळ सुरू झालेली असते. मग दोघे एकमेकांकडे बघतात आणि दोष गायकाला मिळतो. मधला भाग मात्र नेहमीसारखा आठ बारांचा, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हे गाणं स्वप्नात सुचलं ही हकीकत निवेदक न चुकता सांगतात, सात बारांबद्दल चकार शब्द नाही.

दुसरी गफलत सुरांत. पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी, सा धरला तर सुरुवात 'रे सा सा' अशी होते आणि लगेचची चढती ओळ ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी, वरचा सा अशी जाते. पेटीवाले इथे हटकून शुद्ध म आणि प लावतात, आणि गाण्यातली कळच निघून जाते. पुढच्याच ओळीत उतरताना शुद्ध म परत येतो. हा तीव्र-शुद्ध मचा खेळ पाठ केल्याशिवाय साथीला बसू नये.

गिटारची गंमत निराळी. रेकॉर्डवर बोटं 'जी मेजर' या कॉर्डच्या (एकत्र छेडलेल्या सुरांच्या) आकारात आहेत, पण सहाही तारा एक पूर्ण सूर उतरवलेल्या, म्हणून ऐकू येतो एफ, म्हणजे पांढरी चार. कॉर्डच्या कागदावर 'जी' वाचून गिटारवाला तारा न उतरवताच वाजवतो, साथीचा तयार ध्वनिमुद्रित ट्रॅक एफमध्ये असतो, आणि पहिल्याच बारात दोघांचं फाटतं. तारा उतरवायच्या नसतील तर डीचा आकार धरून तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूपट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावावा. उतरवायच्याच असतील तर एका फेरीत थांबू नये: एकेक तार सैल होते तसा गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो आणि आधी लावलेल्या तारा किंचित चढतात. दुसरी फेरी लागतेच. बारीक तारा इतक्या सैल केल्या की फ्रेटवर खरखरतात. बारा नंबरचा, म्हणजे जरा जाड तारांचा, सेट बरा.

पट्टी खुशाल बदला. या गाण्यात सर्वांत वर लागतो तो वरचा सा, त्यामुळे गायकाला हिशोब सोपा. पांढरी चारचा वरचा सा ताणावा लागत असेल तर पुरुषांनी पांढरी दोनवर यावं. स्त्रियांना काळी पाच किंवा पांढरी एक सोयीची पडते. तयार ट्रॅक मात्र यंत्राने दोन-तीन सुरांपलीकडे खाली ओढू नये, व्हायोलिन भोंग्यासारखी वाजू लागतात. त्यापेक्षा एक गिटार पुरे.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी निदान दुसऱ्या कडव्याला बोटांवर बार मोजून बघावेत.

आपला,
एक वादक वाचक, गंगापूर रोड, नाशिक