दादा, तारीख बरोबर आहे

प्रिय दादा,

काल रात्री आईचा संगणक बंद केला आणि भिंतीतली पिनही काढून ठेवली. आज सकाळी पिन लावली, सुरू करताना डिलीटची कळ दाबून थेट बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम) गेले आणि तारीख बघितली. आजचीच. वेळही बरोबर. बाहेरच्या पडद्यावरचं घड्याळ बघून खूश होऊ नकोस, ते इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होतं, खरं काय ते बायोसमध्ये कळेल, असं तुम्ही बजावलं होतंत. तर खरं काय ते कळलं.

आईचा बंद पडलेला संगणक दुरुस्त करायला गेला दीड महिना तुम्ही फोनवरून माझ्यासोबत बसलात. त्याचे आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण दहा-पंधरा वर्षं जुना संगणक घरात असलेल्या आणि ‘आता टाकूनच द्या’ हे ऐकून गप्प बसलेल्या कुणाच्या तरी हे वाचनात यावं, असं फार वाटतं.

त्या संगणकात काय होतं ते तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कानावर पडलेला आणि छापील कोशात न सापडलेला प्रत्येक शब्द आई वर्षानुवर्षं टाइप करत आली आहे. शब्द, अर्थ, तो वापरलेलं एखादं वाक्य. सगळं युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसण्याची आजची पद्धत) आधीच्या एका मराठी फाँटमध्ये, आणि सगळं त्या एकाच डिस्कवर. दुसरी प्रत नाही. ही चूक माझी, आईची नव्हे. तिला कुणी सांगायला हवं होतं आणि ते काम माझं होतं.

निळा पडदा यायला लागला आणि संगणक सुरूच होईना तेव्हा आधी ज्यांना बोलावलं त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं, बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती आतली मुख्य पाटी) गेलाय, नवीन घ्या, हवं तर फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, बघतो. त्या ‘हवं तर’ने माझ्या पोटात गोळा आला. त्यांना परत पाठवलं आणि तुम्हाला फोन लावला.

मी धडाधड सांगत सुटले होते. व्हायरस शिरलाय, विंडोज उडालंय, बोर्ड जळलाय. तुम्ही मधेच थांबवलंत. “अगं, ही तुझी मतं झाली. डोळ्यांना काय दिसलं ते सांग. आणि आधी काय दिसलं, नंतर काय, तेही.”

मग मी आईला विचारलं. आई म्हणाली, घड्याळ गेले कित्येक महिने चुकतंय, ती रोज हाताने तारीख घालते. कधीकधी सुरू करताना काळ्या पडद्यावर एफ १ दाबायला सांगतं, ते दाबलं की चालतो. इंटरनेटवर कुठलंही पान उघडलं की ‘सुरक्षित नाही’ असं येतं. आणि निळा पडदा? तो आम्ही चार दिवस बाहेर गेलो होतो, सगळ्या पिना काढून, तिथून आल्यावर.

तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, “चार दिवस पिन काढलेली होती. बरं.” त्या ‘बरं’मध्ये तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

निळा पडदा डोळ्याचं पातं लवायच्या आत जायचा आणि संगणक पुन्हा सुरू व्हायचा. फोनने त्याचा व्हिडिओ काढ आणि थांबवून वाच, हा तुमचा उपाय मी आतापर्यंत तिघांना शिकवला आहे. वाचलं तर शेवटी आकडा होता ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. डिस्क खराब झाली म्हणूनही असं होतं, पण तिच्याशी बोलण्याची पद्धत बदलली म्हणूनही होतं. तुम्ही मला बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, नोंद शोधायला लावलीत. तिथे ‘आयडीई’ ही जुनी पद्धत होती. ‘एएचसीआय’ ही नवी पद्धत कर, जपून ठेव, बाहेर ये, म्हणालात. मी केलं. विंडोजचं चिन्ह आलं. आई मागे उभी होती, तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बराच वेळ तसाच होता.

बोर्ड गेलेला नव्हता. त्यावरचा नाण्याएवढा सेल गेला होता. सीआर २०३२, ३ व्होल्टचा. संगणकाची पिन काढलेली असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसच्या नोंदी सांभाळायच्या, एवढंच त्याचं काम. तो मरायला टेकला की आधी तारीख मागे जाते. तारीख मागे गेली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं संगणकाला अवैध वाटतात, म्हणून ते ‘सुरक्षित नाही’. आणि तो पुरताच संपला की पिन काढल्याबरोबर सगळ्या नोंदी कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात. आमच्या बोर्डची मूळ स्थिती आयडीई, विंडोज बसवलेलं एएचसीआयवर. तीन तक्रारी, कारण एक. फॉरमॅट मारला असता तर विंडोज कदाचित चाललंही असतं, कारण ते नव्याने आयडीईवर बसलं असतं. आईचे शब्द मात्र पुसले गेले असते आणि आम्ही ‘दुरुस्त झाला’ म्हणून समाधान मानलं असतं. याचा विचार करून मला अजून झोप लागत नाही.

सेल बदलण्याआधी तुम्ही बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायला लावलात. मला तेव्हा तो अतिरेक वाटला होता. नवा सेल बसवल्यावर नोंदी पुन्हा मूळ स्थितीला गेलेल्या दिसल्या आणि त्या फोटोंवरून मी दोन मिनिटांत सगळं पूर्ववत केलं.

इथे मी थांबले असते. संगणक चालू झाला होता. तुम्ही थांबू दिलं नाहीत. “चाललाय तोवर आधी नक्कल काढ. साफसफाई, अपडेट, काही नाही. आधी नक्कल.” मी फाइली उतरवायला लागले तर एका फोल्डरपाशी सगळं अडकलं आणि खोक्यातून टक्, टक्, थोडं थांबून पुन्हा टक् असा आवाज यायला लागला. पुन्हा सुरू केला तर विंडोज स्वतःहून म्हणालं, डिस्क तपासून दुरुस्त करते, नको असेल तर काही सेकंदांत कुठलीही कळ दाबा. मला ते देवासारखं धावून आल्यासारखं वाटलं. तुम्ही फोनवर ओरडलात, “दाब, दाब, कळ दाब!” इतक्या दिवसांत तुमचा आवाज चढला तो तेवढाच.

कारण नंतर समजावलंत. ती तपासणी डिस्कवरच्या नोंदींचा हिशेब जुळवते. तुमची फाइल वाचवणं हे तिचं काम नाही. डिस्क शरीराने थकली असेल तर तिला सगळा पृष्ठभाग पुन्हापुन्हा वाचायला लावणं म्हणजे दम लागलेल्याला जिने चढायला लावणं. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी एक प्रणाली) सुरू करून डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, बघितल्या. ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक बघ, बाकी सोड, म्हणालात. ५ म्हणजे निकामी झालेल्या जागांच्या बदली राखीव जागा किती वापरल्या, १९७ म्हणजे किती जागा वाचता येईनात आणि निकालाची वाट बघतायत, १९८ म्हणजे कितींवर डिस्कने हात टेकले. तिन्ही शून्य असायला हवेत. आमच्या एकाही ओळीत शून्य नव्हतं.

डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्राम ज्याने लिहिला त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. तो आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो, अडणाऱ्या जागा बाजूला ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. सुटतील त्या गाठी आधी. कुठवर आलो ते एका फाइलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे मधे लाइट गेली तरी तिथूनच पुढे. आमची १६० जीबीची जुनी डिस्क २४० जीबीच्या नव्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) उतरायला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री मी उठून उठून बघत होते. काही किलोबाइट गेले ते गेलेच, पण आईच्या फाइलींमधलं एक अक्षर गेलं नाही. विंडोजची ती तपासणी मग नकलेवर चालवली, अस्सलवर नाही.

आणि फाँट! शब्दांच्या फाइली तर उतरवल्या, पण तुम्ही विचारलंत, “विंडोजमधलं फाँट्सचं फोल्डर घेतलंस का?” मला प्रश्नच कळला नाही. जुने मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या देवनागरी आकृत्या. फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम. फाँट असेल तर ते मराठी दिसतं, नसेल तर सगळा कचरा दिसतो. तुम्ही विचारलं नसतंत तर सगळी फाइल सुखरूप असून वाचता आली नसती.

एसएसडी आत बसवताना वायरी ओढल्या गेल्या आणि त्यानंतर पडदा काळा, नुसता लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. इथे तुमचा पहिला अंदाज पॉवर सप्लायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचाच फोन आला: “काल मी घाई केली. बीप लांब होते की आखूड ते विचारलंच नाही.” इतक्या अनुभवी माणसाने स्वतःचं वाक्य असं परत घेतलेलं मी क्वचित ऐकलंय. बीपचे अर्थ बायोस कुणाचं आहे त्यावर बदलतात. आमच्या बायोसच्या भाषेत थांबून थांबून येणारा लांब बीप म्हणजे रॅमची (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची) तक्रार.

मग पिन काढली, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आतली उरलीसुरली वीज उतरते, खोक्याच्या पत्र्याला हात लावला. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर लोटल्या की पट्टी स्वतःच वर उचलली जाते. तिच्या सोनेरी कडेवर करडी पुटं होती. खोडरबर घेऊ का विचारलं तर म्हणालात, दुसरं काहीच नसेल तर हलक्या हाताने, पण त्याचा भुगा खाचेत जाऊ देऊ नकोस. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर मऊ कापडावर घेऊन पूस. पुसलं. एकच पट्टी बसवली, खाच जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबून. “खट् झालं का? दोन्हीकडे खट् व्हायला हवं.” एकीकडेच झालं होतं. अजून थोडं दाबलं. खट्. सुरू केला, एकच आखूड बीप, आणि पडदा उजळला. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला तेव्हा एका पट्टीत लाल ओळी, म्हणजे चुका, निघाल्या, दुसरी स्वच्छ. गेल्या वर्षभर अधूनमधून संगणक विनाकारण अडकायचा, त्याचं कारण ती लाल ओळींची पट्टी.

पंख्यातली धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवायची, प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट बदलायची, फुगलेले कपॅसिटर (बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे भाग) बॅटरीच्या उजेडात शोधायचे (आमच्याकडे एकही नव्हता), आणि पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही, कारण पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. हे सगळं वहीत आहे. त्या शेवटच्या वाक्याखाली तुम्ही मला दोन रेघा मारायला लावल्या होत्यात.

विंडोज ७ला नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला संपलं, विंडोज १०चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. आमच्या यंत्रावर ११ अधिकृतपणे चढत नाही. तुम्ही सुचवलंत तसं रोजच्या वापराला हलकं लिनक्स घातलं, प्रोसेसर ६४ बिटचा निघाला म्हणून निवडायला भरपूर मिळालं. जुनं विंडोज शेजारीच ठेवलंय, नेटवर्क बंद करून, फक्त आईच्या टायपिंगसाठी. आईची बोटं त्या कळफलकाला सरावली आहेत आणि ती बदलायला लावणं मला बरोबर वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नाही, हे मला विशेष आवडलं.

संग्रह आता तीन ठिकाणी आहे. युनिकोडमध्ये बदलायचं कामही सुरू आहे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर, त्यामुळे रूपांतर करताना त्या हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. आई एकेक पान डोळ्यांखालून घालते. सध्या ती ‘ख’वर आहे. काल तिने मला बोलावून एक नोंद दाखवली. ‘खुट्ट’ आधीपासूनच होता, ‘जरा खुट्ट झालं की जाग येते’ या वाक्यासह. त्याच्या वर तिने नवा शब्द घातलाय: ‘खट्: रॅम खाचेत दोन्ही बाजूंनी नीट बसल्याचा आवाज.’ वाक्य तुमचंच घेतलंय. चालेल ना, असं तिने विचारायला सांगितलंय.

तुमची,
फोनवरची विद्यार्थिनी