सूप, खांदा आणि तो शर्ट

नागपूर,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

मार्चपासून तुला पत्र नाही, आणि फोनही सगळे तूच केलेस. शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, पुढे मध्ये बोललेलं चालणार नाही. माझी शुगर आहे तशी, हिचे गुडघे आहेत तसे. विषय चिऊचा आहे. खरं म्हणजे कन्हान नदीचा आहे, म्हणून तुलाच लिहून राहिलो.

चिऊ मंगळूरला लागली हे तुला ठाऊक. आता दर रविवारी ती कयाक घेऊन समुद्रात जाते. नुसती वल्हवत नाही बे, लाटेवर बसून येते. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, आज दोनदा ब्रोच झाले, मग बोंगो स्लाइड करत सूपमध्ये आले." मी म्हटलं, बरं, पोटभर जेवलीस ना? मला वाटलं हॉटेलात गेली होती.

मग व्हिडिओ आला. मागून लाट येते, होडी आडवी होते आणि पोरगी गायब. होडीचं पिवळं पोट तेवढं वर. मी मोजले, अकरा सेकंद. डोकं वर आलं तेव्हा दात काढून हसत होती. हिला अजून दाखवला नाही.

दिवाळीत आली तेव्हा मी वही घेऊन बसलो. म्हटलं, एकेक शब्द सांग. सूप म्हणजे फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस. ब्रोच म्हणजे होडी लाटेला आडवी होणं, आणि तशीच आडवी फेसाबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत गेली की बोंगो स्लाइड. (ऑर्केस्ट्रातल्या तुझ्या बोंगोची आठवण झाली. तू वाजवायचास तेही घसरतच असायचं.) पर्लिंग म्हणजे उतारावरून येताना होडीचं नाक पाण्यात खुपसणं. नाक खोल रुतलं, मागची बाजू उभी राहून पुढे कोसळली, की एंडो. त्याला मी वहीत 'कोलांटी' लिहिलं. लाटेला खांदाही असतो म्हणे, शोल्डर. फुटणाऱ्या भागाच्या शेजारचा, अजून न फुटलेला उतार. सगळी मजा तिथेच. आणि फुटणाऱ्या भागाच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. घुसला तर त्याला ड्रॉप इन म्हणतात आणि शिव्या देतात. मी म्हटलं, व्हरायटी चौकात लावा हा नियम.

तुझ्या-माझ्या भूगोलाच्या पुस्तकात लाटेला शीर्ष आणि द्रोणी एवढंच होतं. पाच मार्कांची आकृती काढली की समुद्र संपला.

सगळ्यात वाईट डंपर. किनारा एकदम उतरता असला की लाट हळूहळू न फुटता भिंतीसारखी एकाच वेळी कोसळते, तो. मी म्हटलं, पण पाणी खोल असतं ना? तर म्हणे, "नाही हो, मीटरभर लाट फुटते तिथे पाणी सव्वा मीटरच असतं, छातीइतकं." हे तिने मला धीर द्यायला सांगितलं! छातीइतक्या पाण्यात डोकं खाली असलं की ते कशावर आपटतं? वाळूवर. म्हणून हेल्मेट, म्हणाली.

मग दिवाणावर पाय लांब करून बसली, हातात पोछ्याचा दांडा आडवा. लाट बाजूने आली की लाटेकडेच झुकायचं, वल्हं तिच्यावर टेकवायचं. कोपर खाली, अंगाजवळ. हात डोक्यावर गेला की खांदा निखळतो. आणि उलटलंच, तर कमरेभोवतीचा रबरी घागरा होडीला गच्च बसवलेला असतो, त्याची पुढची दोरी ओढायची आणि बाहेर. बाहेर आल्यावर होडी आणि किनारा यांच्या मध्ये थांबायचं नाही, पुढची लाट पाण्याने भरलेली होडी अंगावर आणते. मग मला बसवलं. ती उशी घेऊन लाट व्हायची आणि मी दर वेळी उलट्या बाजूला झुकायचो. चार वेळा दिवाणावरून खाली. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय फुटलं?

ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही पाण्याला एवढे का घाबरता? अंबाझरीला सुद्धा काठावरून पाच फूट लांब उभे राहता."

काय सांगू बंड्या? तिच्याकडे आडवं होण्याला एक शब्द, उभं उलटण्याला दुसरा, फेसाला तिसरा. आपल्याकडे 1984 साली कन्हानमध्ये एकच होता, भोवरा. तिथे भोवरा होता की नुसती धार, ते आजही मला माहीत नाही. तू ओरडलास तेवढं ऐकू आलं, मग तुझा हात कॉलरला. घरी सांगितलं, शर्ट मारामारीत फाटला. आईने दोन दिवस अबोला धरला, तो मारामारीसाठी. हिला हे ठाऊक नाही, चिऊला नाही. आणि मी पंचवीस वर्षं पोरीला "पाण्याजवळ जायचं नाही" म्हणत आलो, कारण न सांगता.

आता तिने जानेवारीचं तिकीट काढलंय, माझं एकट्याचं. दोघांच्या होडीत पुढे बसवते म्हणाली, फेसाच्या अलीकडेच. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. जायच्या आधी कन्हान सांगावं की नाही? सांगितलं तर ती मला नेणार नाही, किंवा स्वतः जायची थांबेल. दोन्ही नकोत. तू पुन्हा "मी तुला वाचवलं" हे वाक्य न वापरता सल्ला दे. आणि उतरायची कल्पना माझी नव्हती, तुझी होती. हे चाळीस वर्षं सांगून राहिलो.

तुझं रिटायरमेंट झालं ना? सुनेला नोकरी लागली का? मोतीबिंदूचं काय ठरलं, लवकर करून टाक.

आणि एक काम. तुला रत्नागिरीत वीस वर्षं झाली. कुणा खलाशाला विचार, होडी लाटेला आडवी होते त्याला ते काय म्हणतात आणि त्या पांढऱ्या फेसाला काय. मला वहीत 'सूप' लिहायचं जिवावर येतं.

शर्ट निळा होता, पांढरा नव्हता. तू मागच्या वेळीही चूक सांगितलंस.

तुझा,
बाळ्या