क्लाइड स्टबलफील्ड यांना, सोळा मात्रांबद्दल आभार

आदरणीय क्लाइड स्टबलफील्ड यांस,
सप्रेम नमस्कार.

१८ फेब्रुवारी २०१७ रोजी मॅडिसनमध्ये तुम्ही गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरीही ते उघडपणे लिहितो आहोत. तुम्ही अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांचे ड्रमर. तुमच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणातला ठेका कापून इतरांनी आपल्या गाण्यांखाली जोडला, म्हणून १९९० सालच्या किती तरी गाण्यांत तुमचे हात वाजतात आणि गाण्याच्या श्रेयात तुमचं नाव सापडत नाही. निदान आभाराच्या पत्रावर तरी ते असावं.

त्या एका वर्षाकडेच बघा. मार्चमध्ये आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचा अल्बम आला. त्यात सतराव्या शतकातली एक आयरिश विलापिका आहे, फ्रँक ओ'कॉनर यांनी इंग्रजीत आणलेली आणि फिलिप किंग यांनी चाल दिलेली. थडग्यावर पडून राहिलेल्या प्रियकराचं ते गाणं. त्याखाली तुमचा ठेका चालतो आणि शेवटाला स्टीव्ह विकम यांचं फिडल येतं. एप्रिलमध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाचा 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' आला. त्यातल्या 'फाइट द पॉवर'च्या कल्लोळातही तुम्ही आहात. सप्टेंबरमध्ये इंग्लिश गायक जॉर्ज मायकलचं 'वेटिंग फॉर दॅट डे' आलं, गिटारवरचं संथ, हळवं गाणं, आणि खाली पुन्हा तुम्हीच. आयर्लंडचा शोक, न्यूयॉर्कचा राग आणि लंडनचा पॉप यांना एकाच माणसाचं वाजवणं पुरलं. लोक त्या काळाला सरमिसळीचा काळ म्हणतात. ती सरमिसळ ज्यात कालवली गेली, ते पाणी तुमचं होतं.

जॉर्ज मायकलच्या त्या गाण्यात शेवटी रोलिंग स्टोन्सच्या जुन्या गाण्यातली एक ओळ येते. तेवढ्या ओळीसाठी मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची नावं सहलेखक म्हणून लागली, आणि ते योग्यच झालं. गाणं ज्यावर उभं आहे, त्या ठेक्याच्या वादकाचं नाव मात्र लागलं नाही. कायद्याच्या नजरेत शब्द आणि चाल म्हणजे रचना. ड्रम म्हणजे त्या दिवसाचं काम, पैसे चुकते झाले की संपलं.

ते काम २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत झालं. 'फंकी ड्रमर' हे नऊ मिनिटांचं ध्वनिमुद्रण. साडेपाच मिनिटांच्या सुमारास जेम्स ब्राउन बाकीच्यांना थांबवतात आणि तुम्हाला सांगतात, सोलो नको, जे चाललंय तेच धरून ठेव. आपल्याकडे तबलजीला 'नुसता ठेका धर' म्हणतात, अगदी तेच. तुम्ही सुमारे वीस सेकंद, आठ आवर्तनं ठेका धरलात. तुकडा नाही, तिहाई नाही. कापून पुन्हा पुन्हा जोडता येईल असं काही वाजलं, त्याचं कारण ती सूचना आणि ती पाळण्याचा तुमचा संयम.

त्या एका आवर्तनात सोळा खाने, म्हणजे सोळा सारखे भाग आहेत, म्हणून तीनतालाच्या सवयीचा कान ते लगेच मोजू शकतो. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचे दोन जोरकस ठोके पाचव्या आणि तेराव्या खान्यात पडतात. तीनतालात दुसरी आणि तिसरी टाळी नेमकी तिथेच. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, समेवर (पहिल्या खान्यात) आणि तिसऱ्या खान्यात येते, पुढे अकराव्यात आणि चौदाव्यात. नवव्या खान्यात, म्हणजे आपली खाली असते तिथे, ना किक ना स्नेअर, फक्त हाय-हॅट, पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. या दोन गोष्टींत काही नातं आहे असा आमचा दावा नाही. तुमच्या गावी, चाटानूगामध्ये, कारखाने, धुण्याची यंत्रं आणि रेल्वे यांच्या आवाजातून लय शिकल्याचं तुम्ही सांगत असत, तीनतालाचा तिथे संबंध नाही. पण हाताने टाळी-खाली दाखवत तुमचं आवर्तन ऐकलं की कुठे काय मोकळं ठेवलंय ते झटकन दिसतं.

आणि खरी करामत उरलेल्या हलक्या ठोक्यांत आहे. आठ, दहा, बारा आणि सोळा या खान्यांतल्या त्या स्नेअरच्या घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे ठोके. काठी कातड्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच उचलायची, मनगट सैल सोडायचं आणि तिला पडू द्यायचं. पाचव्या-तेराव्याच्या ठोक्याला मात्र काठी पूर्ण उचलावी लागते. शिकणाऱ्याचं बिघडतं ते इथेच. मोठ्या ठोक्यानंतर काठी वरच राहते आणि पुढचा हलका ठोकाही मोठा होतो. उपाय एकच, मोठा ठोका दिल्याबरोबर काठी खाली थांबवायची. दुसरी अडचण उजव्या हाताची. हाय-हॅटचे सोळाही ठोके एकाच हाताने द्यायचे, म्हणजे मिनिटाला शंभरच्या लयीत चारशे. दंड आवळला की दोन मिनिटांत हात भरून येतो. ७० वर सुरू करावं, हात दुखायच्या आधी थांबावं आणि दर आठवड्याला तीन-चारने लय चढवावी. आठव्या आणि चौदाव्या खान्यात हाय-हॅट उघडतो, पुढच्याच खान्यात मिटतो. पाय उशिरा मिटला की सगळं पसरट वाटतं.

संगणकावर हाच ठेका बांधणाऱ्यांची चूक वेगळी असते. सगळ्या ठोक्यांना सारखा जोर दिला की शिवणयंत्र चाललंय असं वाटतं. संगणकावर ठोक्याचा जोर १२७ पर्यंतच्या आकड्याने देतात. त्यात मोठ्या ठोक्यांना ११०च्या वर आणि घोस्ट नोट्सना २५ ते ४० ठेवावं, तेही प्रत्येकी थोडं वेगळं. सगळं ग्रिडला, म्हणजे पडद्यावरच्या समान अंतराच्या रेघांना, चिकटवू नये. तुमचं वाजवणं ग्रिडवर बसत नाही, म्हणून तर ते चालतं. मूळ तुकड्याचा लूप करताना, म्हणजे तो पुन्हा पुन्हा फिरवताना, शेवट पाच मिलिसेकंदांनी जरी चुकला, तरी ६४ आवर्तनांत ३२० मिलिसेकंदांचा फरक साचतो, म्हणजे दोन खान्यांहून जास्त. लय बदलायची असेल तर अख्खा तुकडा ताणू नये, स्नेअरची धार बोथट होते. ठोके सुटे कापून नव्या जागी ठेवावेत.

१९९०च्या आधी ही कापाकापी किती अवघड होती, तेही नोंदवायला हवं. १९८६ साली 'इन द जंगल ग्रूव्ह' या संकलनात तुमचं ते ध्वनिमुद्रण पूर्ण लांबीचं निघालं आणि ते सगळ्यांच्या हाती आलं. पुढच्या वर्षी ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारं यंत्र आलं. एकूण जेमतेम दहा सेकंदांची जागा, एका तुकड्याला अडीच सेकंद. शंभरच्या लयीतलं एक आवर्तन २.४ सेकंदांचं. तुमचं एक आवर्तन त्यात कसंबसं मावत होतं! जागा वाचवायला लोक ३३च्या गतीची तबकडी ४५वर फिरवून भरत आणि यंत्रात पुन्हा खाली ओढत. त्यात आवाजाला खरखरीत कडा येते. ती कडा त्या काळाची खूण झाली, पण आतली चाल तुमचीच राहिली.

१७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलिंगविरुद्ध, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा न विचारता वापरण्याविरुद्ध, निकाल दिला. तिथून परवानगी आणि पैसे यांची रीत पक्की झाली. पैसे जात ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आणि रचनेच्या मालकाला. तुम्ही दोन्ही नव्हतात. १९९७ साली तुम्ही आपल्या अल्बमला 'रिव्हेंज ऑफ द फंकी ड्रमर' असं नाव दिलंत, ते आम्हाला फार आवडलं. तुमच्या आजारपणात रुग्णालयाचं मोठं बिल प्रिन्स या गायकाने गुपचूप भरलं होतं, हे तो गेल्यावर २०१६ साली कळलं. आपण तुमचं देणं लागतो याची कुणाला तरी जाणीव होती, हे वाचून बरं वाटलं.

आम्ही आमच्यापुरतं एक ठरवलं आहे. तुमचा ठेका शिकवताना किंवा कुठे वापरताना 'जेम्स ब्राउनचा बीट' म्हणायचं नाही. 'ड्रम्स : क्लाइड स्टबलफील्ड' असं लिहायचं, आणि शिकणाऱ्याकडून आधी नाव म्हणून घ्यायचं, मग काठ्या हातात द्यायच्या.

आणि सोळाव्या खान्यातल्या त्या हलक्या ठोक्याबद्दल वेगळे आभार. तो नीट ऐकूही येत नाही, पण काढून टाकला की सम नुसती येते. तो असला की आपण समेवर ढकलले जातो.

आपले कृतज्ञ,
ठेका धरणारे आणि बीट बांधणारे काही जण