हुशार आहे पण आळशी, असं म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोर्डाची परीक्षा आली की एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) असलेल्या मुलांच्या सवलतींची चर्चा होते, जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर वगैरे. त्या हव्यातच, 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत लर्निंग डिसॅबिलिटी आहे, म्हणजे हा हक्कच झाला. पण यातली काही मुलं डोक्याने विलक्षण असतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. सहावीतल्या एका मुलाने 25 गुणिले 48 चं उत्तर 2100 लिहिलं, शाळेत लाल फुली. कसं काढलंस विचारलं तर म्हणाला, "25 म्हणजे शंभरचा पाव ना, मग चारने भागायचं आणि दोन शून्य द्यायचे." वहीत बघते तर त्याने 48 चे 84 उतरवले होते! 84 साठी 2100 अगदी बरोबर आहे, आणि ही रीत त्याला कुणी शिकवलेली नव्हती. पाढे घडाघड म्हणणाऱ्या किती मुलांना हे सुचतं सांगा.

अशा मुलांची बुद्धी अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते. अंदाजाने वाचत, ऐकलेलं लक्षात ठेवत ती चौथी-पाचवीपर्यंत निभावून नेतात, मार्क मधलेच पडतात, मग कुणाला शंकाही येत नाही, फक्त आळशी म्हणून बोलणी खातात. टेस्ट केली तरी पालक आयक्यूचा एकच आकडा बघतात. आकृत्या आणि तर्कात मूल खूप वर असतं, भराभर चिन्हं उतरवण्यात, आकडे लक्षात ठेवण्यात खाली, आणि एकत्र आकडा काढला की झालं 'नॉर्मल'. पालकांनो, प्रत्येक भागाचा स्कोअर वेगळा समजावून मागा, प्लीज.

रेमेडियलमध्ये, म्हणजे अशा मुलांच्या खास तासांत पण नुसतं स्पेलिंग आणि अक्षर चालतं. तेही करा, पण त्याच तासात कोडी द्या, पॅटर्न शोधायला द्या, चित्र काढून मांडू दे, तुला कसं कळलं ते सांग म्हणा, कारण आपण कसा विचार केला हे त्या मुलांना स्वतःला कळलं की पुढच्या गणितात तीच युक्ती ती आपणहून वापरतात.

शाळांना एवढीच विनंती, स्कॉलरशिप नि ऑलिम्पियाडच्या बॅचसाठी मुलं निवडताना फक्त लेखी पेपर बघू नका, एलडी असलेल्या मुलांना दहा मिनिटं समोर बसवून तोंडी विचारा आणि रीत बरोबर असेल तर तिचे मार्क द्या.

– एक गणित शिक्षिका, ठाणे