जोखीम वाढली, पण किती जणांत किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावरील वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या किती मनापासून वाचल्या जातात, हे मी फिजिशियन म्हणून रोज पाहते. रुग्ण त्या कापून फाइलमध्ये ठेवतात, नातेवाइकांना पाठवतात आणि पुष्कळदा डॉक्टरांना न विचारताच त्यांवरून औषधांचे निर्णयही घेतात. म्हणूनच या बातम्यांत सातत्याने राहणाऱ्या एका उणिवेकडे आपले लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र. एखाद्या औषधाने किंवा सवयीने आजाराची जोखीम किती टक्क्यांनी अथवा किती पटींनी वाढली, हे मथळ्यात ठळकपणे येते; मात्र ती मुळात किती होती, याचा उल्लेख बहुतेक वेळा संपूर्ण बातमीत कोठेही नसतो.

अशा अर्धवट आकड्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथील औषधसुरक्षा समितीने असा इशारा दिला की, नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याची जोखीम दुप्पट होते. हे दुपटीचे प्रमाण खरेच होते. पण आधी ७,००० स्त्रियांपैकी साधारण एकीला होणारा त्रास आता दोघींना होईल, एवढाच त्याचा अर्थ होता. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘दुप्पट’ हा शब्द उचलला, असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या आणि त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गुठळी होण्याची जोखीम या गोळ्यांपेक्षा गर्भारपणात अधिक असते, हे त्या गदारोळात झाकोळले गेले. एका खऱ्या आकड्यासोबत दुसरा खरा आकडा छापला गेला असता, तर यातील बरेचसे टळले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हीच गोष्ट मी जवळून पाहिली आहे. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असण्याचा आजार असलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे तपासणीसाठी येत असत. पक्षाघात टाळण्यासाठी त्यांना रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू होती. एका भेटीत त्यांनी खिशातून चार घड्या घातलेले कात्रण काढले. त्यात ‘रक्तस्रावाचा धोका ३० टक्क्यांनी अधिक’ या ओळीखाली लाल शाईने दोनदा रेघ मारलेली होती. गोळी त्यांनी केव्हाच बंद केली होती. मी त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातील आकडे लिहून दाखवले. अशा १,००० रुग्णांना गोळी दिली नाही, तर वर्षभरात सुमारे ४५ जणांना पक्षाघात होतो. वॉरफरिन दिल्यास सुमारे १४ जणांना. गंभीर रक्तस्राव गोळीविना १० जणांना आणि गोळी घेणाऱ्यांपैकी १३ जणांना झाला होता. म्हणजे कात्रणातले ३० टक्के म्हणजे हजारात ३ माणसे, आणि त्याच हजारात पक्षाघातातून वाचलेली माणसे ३१. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून वाचला आणि विचारले, “हे एवढेच छापायला काय हरकत होती?” त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. तिच्यासोबत नियमित रक्त तपासण्या कराव्या लागतात आणि वय, मूत्रपिंडाची स्थिती, इतर औषधे यांनुसार प्रत्येकाची जोखीम वेगळी असते, हेही मी त्यांना सांगितले. कारण सरासरी हजारांची असली, तरी उपचार समोरच्या एका माणसावर करायचे असतात.

आकडे दिले, तरी ते कोणाचे आहेत हेही सांगावे लागते. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक वर्षे केवळ निरीक्षणावर आधारलेले अभ्यास सुचवत होते. परंतु अशी औषधे मागून घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असतात, त्यामुळे फरक औषधाने पडला की त्यांच्या राहणीने, हे अशा अभ्यासातून ठामपणे ठरवता येत नाही. पुढे अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांची कोणत्याही निवडीविना दोन गटांत विभागणी करून चाचणी झाली आणि जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना जास्त आढळल्या. नितंबाच्या हाडाचे अस्थिभंग मात्र ५ ने कमी झाले. जगभर बातमी गेली ती कर्करोग २६ टक्क्यांनी वाढल्याची. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही बाब त्या गडबडीत मागे पडली, आणि पन्नाशीच्या आसपास असह्य त्रासामुळे थोड्या काळासाठी औषध घेणाऱ्या स्त्रियांनीही धास्तीने ते सोडले. त्यांच्यासाठी फायद्या-तोट्याचे गणित निराळे असते, हे नंतरच्या विश्लेषणांतून पुढे आले.

अभ्यासात नेमके काय मोजले, हा प्रश्नही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात, त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे ठाऊक होते. तेव्हा ठोके नियमित करणारी औषधे दिली की मृत्यू घटतील, असा तर्क सर्वांना बिनतोड वाटला आणि ती सर्रास दिली जाऊ लागली. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या औषधांची अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तेव्हा ठोके सुधारले खरे, पण सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ रुग्ण दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. रिपोर्टमधील एखादा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला, असे समजणे किती महागात पडते, हे या चाचणीने आम्हा डॉक्टरांना शिकवले. तरीही ‘अमुक घटकाची रक्तातील पातळी घटली’ एवढ्या आधारावर ‘आजारावर प्रभावी उपाय’ असा मथळा आजही वाचावा लागतो.

या सगळ्याचा दोष एकट्या पत्रकारांवर टाकणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमधील २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची तपासणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधाच्या पलीकडे जाऊन वाचकांना सल्ला दिलेला होता, आणि प्राण्यांवरील संशोधनासंबंधीच्या ३६ टक्के पत्रकांत माणसांबद्दलचे निष्कर्ष फुगवून मांडले होते. अतिशयोक्तीची सुरुवात पुष्कळदा आमच्याच क्षेत्रात होते, आणि ती थांबवण्याची पहिली जबाबदारीही आमचीच आहे.

समजेल अशा रीतीने मांडणे अवघड नाही, हे ब्रिटिश डॉक्टरांवरील धूम्रपानाच्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले: आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे १० वर्षे लवकर मरण पावले, ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना त्यातली सुमारे ३ वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६ आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ९. माझ्या रुग्णांवर टक्केवारीच्या कोणत्याही बातमीपेक्षा हे आकडे अधिक परिणाम करतात, कारण त्यांत प्रत्येकाला स्वतःचे वय दिसते.

माझी विनंती एवढीच आहे की, जोखमीविषयीच्या प्रत्येक बातमीत ‘इतक्या लोकांपैकी आधी इतके, आता इतके, एवढ्या काळात’ हे एक वाक्य अनिवार्य करावे, अभ्यास कोणावर झाला ते पहिल्या दोन परिच्छेदांत यावे आणि चालू औषध परस्पर बंद न करण्याची सूचना जोडावी. लागणारे आकडे बहुतेक शोधनिबंधांच्या सारांशात किंवा तक्त्यांत मिळतात. तेथे न मिळाल्यास संशोधकांना विचारावेत, आणि त्यांच्याकडूनही ते येईपर्यंत बातमी थांबवून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक फिजिशियन