टॉर्च माझ्या हातात देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

"माझं नाव कुठे टाकू नका," असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नाव नाही आणि गॅरेजचा पत्ताही नाही. भांडुप एवढंच लिहिते. पण गप्प राहवत नाही.

गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा ती विकून टाकायचं मनात पक्कं होत आलं होतं. चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला. सायनच्या सिग्नलला उभी राहिली की इंजिन असं थरथरायचं, की आता बंद पडणार. पुलाचा चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला, की आधी अडखळायची, मग कशीबशी सरकायची. मागे ट्रक हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि गाडीत जोरच नाही, ही धडधड ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर ज्याने अनुभवलीय त्यालाच कळेल.

तुमच्याआधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांचा राग अजून गेलेला नाही. बॉनेट उघडायचं, बाहेरून बसवलेला, इंजिनला हवा देणारा इनटेक पाइप दिसायचा आणि विषय संपायचा: "मॉडिफाय केलीय ना, मग हे होणारच." स्कॅनर लावायचा, पी०१७१ आणि पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) हे बिघाडाचे कोड वाचायचे, लगेच उडवायचे, दिवा विझला की बिल. घरी पोचेपर्यंत दिवा परत हजर. कुणी प्लग बदलले, कुणी कॉइल, कुणी ऑक्सिजन सेन्सर. आणि हे सगळं बोलायचं माझ्या भावाशी! आरसीवर नाव माझं, इनटेक आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची म्हणजे ईसीयूची बदललेली सेटिंग) मी हौसेने, पैसे साठवून करून घेतलेले, गाडी कुठे अडखळते ते मला ठाऊक. तरी प्रश्न त्याला आणि बिल मला. तो बिचारा दर वेळी सांगायचा, "तिला विचारा, तीच चालवते." ऐकतंय कोण?

तुम्ही मला विचारलंत. "ताई, त्रास गार इंजिनला जास्त की गरम झाल्यावर? उभी असताना की पळताना?" कोड आधी वहीत उतरवून घेतलेत, पुसायची घाई केली नाहीत. मग स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसलात आणि गाडी मला चालवायला सांगितलीत. उभ्या गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा, वीस टक्क्यांच्या वर, आरपीएम अडीच हजारावर नेला की आकडा खाली. "पेट्रोल कमी पडत नाहीये," तुम्ही म्हणालात, "हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय." पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता आणि लोकांनी त्यालाच काढून टाकलं. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसं.

पाइपात धूर सोडल्यावर तो कुठून निघतोय हे तुम्हाला एका नजरेत दिसलं होतं, ते मला तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या कुणी लगेच पार्ट मागवला असता. तुम्ही बाजूला झालात, हात पुसलेत आणि टॉर्च माझ्या हातात दिलीत. "तुम्ही बघा. गाडी तुमची आहे." आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आणि ती कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर गेली होती. वरून काहीच दिसत नव्हतं. होज जरा वाकवली की चीर ओठासारखी उघडायची. मग इंजिन चालू करून म्हणालात, "दाबून धरा." मी धरली. थरथर थांबली. सोडली, पुन्हा सुरू. सेन्सरच्या पुढे शिरणारी ती हवा मोजलीच जात नव्हती, त्यामुळे ईसीयू हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडत होता आणि मिसफायर होत होते. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, माझ्याच हाताला कळलं.

काका, त्या टॉर्चचं मोल तुम्हाला कदाचित कळणार नाही. इतके दिवस माझ्याच गाडीपाशी मी परक्यासारखी उभी होते.

आणि "मॉडिफाय" हा टोमणा तुमच्या तोंडून एकदाही आला नाही. "पाइप चांगला आहे, बसवणाऱ्याने आधार दिला नाही. सगळं वजन होजवर लटकतंय," एवढंच. गॅरेजमधलीच पट्टी कापून ब्रॅकेट केलंत. असेच मिसफायर होत राहिले असते तर न जळलेल्या पेट्रोलने सायलेन्सरकडे जाणारा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असता, हेही सांगितलंत, पण घाबरवलं नाहीत. घाबरवून पैसे काढणं किती सोपं होतं! समोरच्याला कळत नाही हे दिसत असूनही त्याचा फायदा न घेणारी माणसं या शहरात आहेत. बोर्ड लहान असतो, बसायला एसी नसतो, म्हणून आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

तुम्ही होज, क्लिप आणि थोडी मजुरी एवढेच घेतलेत. शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे राहिले आहेत. पुढच्या सर्व्हिसला येईन तेव्हा ते घ्यावेच लागतील. भावाची बाइकही आणतेय, तिचं बोलणं मात्र त्याच्याशीच करा.

तुमची कृतज्ञ,
मुलुंडची ताई